शाळा उघडणारा मुख्यमंत्री

तुमच्या शाळेत दुपारची सुट्टी झाली की स्वयंपाकाच्या खोलीकडून खिचडीचा वास येतो. तुम्ही आता वरच्या वर्गात आहात, म्हणून कदाचित त्या रांगेत उभे राहत नसाल. पण आठवीपर्यंत तुमच्यापैकी पुष्कळ जण हातात ताटली घेऊन तेथे उभे राहिले असतील. तुमची धाकटी भावंडे आजही राहतात. शाळेत मुलांना जेवण का द्यायचे? शाळा ही शिकण्याची जागा, जेवायला घर आहेच की! हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो तुमच्या आधी मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्याही मनात आला होता. त्याचे उत्तर ज्याने पूर्वी साऱ्या राज्याला दिले, त्या माणसाची ही हकिकत आहे. तो स्वतः सहावीच्या पुढे शिकला नव्हता.

त्यांचे नाव के. कामराज. नकाशात भारताचे दक्षिण टोक पाहा. कन्याकुमारीपासून थोडे वर, मदुराईच्या दक्षिणेला विरुधुनगर नावाचे गाव तुम्हांला सापडेल. त्या काळी त्याला विरुदुपट्टी म्हणत. कापूस, मिरची, तेल यांचा व्यापार करणारे हे कोरड्या मुलखातले गाव. येथे १५ जुलै १९०३ रोजी कामराजांचा जन्म झाला. वडिलांचे नाव कुमारस्वामी, आईचे नाव शिवकामी अम्मल. घर नाडर जातीचे होते.

येथे जरा थांबू या, कारण ही गोष्ट कळली नाही तर पुढचे नीट कळणार नाही. नाडर लोकांचा जुना धंदा ताडाच्या झाडावर चढून रस काढण्याचा. त्यामुळे वरच्या समजल्या जाणाऱ्या जाती त्यांना हलके मानत. मोठ्या देवळांत त्यांना प्रवेश नव्हता. कामराजांच्या जन्माच्या चारच वर्षे आधी, १८९९ मध्ये, जवळच्याच शिवकाशीत देवळाच्या प्रवेशावरून मोठी दंगल झाली होती. या अपमानाला विरुधुनगरच्या नाडर व्यापाऱ्यांनी एक वेगळेच उत्तर दिले. त्यांनी आपली शाळा काढली. पैसा कोठून आणायचा? प्रत्येक व्यापारी आपल्या विक्रीतून थोडी रक्कम समाजाच्या निधीत टाकी. आणि घरोघरी बायका भात शिजवताना एक मूठ तांदूळ वेगळा काढून ठेवीत. तो गोळा होई, विकला जाई आणि त्यातून शाळा चाले. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुष्टिफंड होता, तो तुम्ही ऐकला असेल. आपल्या मोहल्ल्यांतही मदरशासाठी मूठभर पीठ किंवा तांदूळ बाजूला काढणाऱ्या नान्या, दाद्या होत्या. विरुधुनगरची रीत तशीच होती. क्षत्रिय विद्याशाळा असे त्या शाळेचे नाव. तेथे फी नव्हती आणि तेथेच कामराज शिकला.

तो पाच-सहा वर्षांचा असताना वडील वारले. घरात आजी, आई, तो आणि धाकटी बहीण. आईने आपले दागिने मोडून आलेली रक्कम एका व्यापाऱ्याकडे ठेवली आणि तिच्या व्याजावर संसार चालवला. व्याज ते किती! बाराव्या वर्षाच्या आसपास मुलाची शाळा सुटली आणि तो मामाच्या कापडाच्या दुकानात बसू लागला. कापड मोजता मोजता त्याचे कान मात्र रस्त्यावर असत. गावात सभा असली की तो दुकान सोडून पळे. वर्तमानपत्र हाती आले की ते वाचून काढी आणि इतरांना वाचून दाखवी.

१९१९ साली अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. ती बातमी विरुधुनगरला पोहोचली तेव्हा कामराज सोळाव्या वर्षात होता. त्यानंतर दुकानात त्याचे मन कधीच रमले नाही. तो काँग्रेसचा स्वयंसेवक झाला. घरच्यांना काळजी वाटली. पोराला गावापासून लांब ठेवावे, म्हणजे हे वेड जाईल, असे वाटून त्यांनी त्याला तिरुवनंतपुरमला दुसऱ्या मामाच्या लाकडाच्या वखारीत पाठवले. पण १९२४ मध्ये त्याच त्रावणकोर संस्थानात वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाभोवतालच्या रस्त्यावरून खालच्या मानलेल्या जातींना चालता यावे, एवढीच त्या सत्याग्रहाची मागणी होती. हा तेथे गेला! घरच्यांनी त्याला परत बोलावून घेतले. लग्न करून द्यावे म्हणजे पाय घरात राहील, हाही उपाय ठरला. पण त्याने साफ नकार दिला. कामराजांनी शेवटपर्यंत लग्न केले नाही.

१९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. दक्षिणेत राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, वेदारण्यमच्या किनाऱ्यावर मीठ उचलायला निघाले. त्या सत्याग्रहात कामराज होते. त्यांना शिक्षा झाली आणि थेट कलकत्त्याजवळच्या अलिपूर तुरुंगात पाठवण्यात आले. येथून त्यांच्या आयुष्यात तुरुंगाचे येणे-जाणे सुरू झाले. सगळ्या शिक्षा मिळून त्यांची सुमारे नऊ वर्षे कैदेत गेली. शाळेत जेवढी वर्षे काढली, त्याहून ही जास्त भरतात. तुरुंगातच त्यांनी इंग्रजी वाचायला शिकून घेतले.

एस. सत्यमूर्ती हे त्यांचे राजकारणातले गुरू. सत्यमूर्ती मोठे वक्ते होते, विद्वान होते. कामराज बोलायचे कमी आणि फिरायचे जास्त. गुरूची बुद्धी आणि शिष्याचे पाय, अशी ती जोडी जमली. १९३७ च्या निवडणुकीत कामराज सात्तूरमधून मद्रासच्या विधिमंडळात बिनविरोध निवडून गेले. १९४० मध्ये ते तमिळनाडू काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सत्यमूर्ती १९४३ मध्ये वारले, स्वातंत्र्य त्यांना पाहता आले नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला कामराज आपल्या गुरूच्या घरी गेले आणि तेथे त्यांनी तिरंगा फडकवला.

१९४१ सालची एक गोष्ट मला फार आवडते. कामराज वेल्लोरच्या तुरुंगात होते आणि बाहेर विरुधुनगरच्या लोकांनी त्यांना नगराध्यक्ष निवडून दिले. सुटून आल्यावर ते नगरपालिकेत गेले, अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले, सभा चालवली आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. ज्या पदाला आपण पुरा वेळ देऊ शकत नाही, ते आपण अडवून ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे बावीस वर्षांनी त्यांनी याहून फार मोठी खुर्ची सोडली, तेव्हा लोकांना आश्चर्य वाटले. विरुधुनगरच्या लोकांना ते तितके वाटले नसेल.

आता आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला भाग. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने इंग्रजांना देश सोडण्यास सांगणारा ठराव केला. त्या बैठकीला कामराज आले होते. रात्रीतून बडे पुढारी पकडले गेले. कामराज मद्रासच्या गाडीत बसले. मद्रासच्या स्टेशनावर पोलीस वाट पाहत असणार, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ते आधीच अरक्कोणमला उतरून गेले. मग काही दिवस गुपचूप गावोगाव फिरून त्यांनी कार्यकर्त्यांना ठरावाची माहिती दिली आणि पुढे काय करायचे ते समजावले. काम पुरे झाल्यावर ते विरुधुनगरला आईकडे गेले. तेथून त्यांनी पोलिसांना निरोप पाठवला की, आता मला घेऊन जा. लपून राहणे हे त्यांचे ध्येय नव्हते. काम संपेपर्यंत हाती लागायचे नाही, एवढाच हिशेब होता. या खेपेला त्यांना काही काळ विदर्भातल्या अमरावतीच्या तुरुंगात ठेवले होते. सुटका झाली ती १९४५ मध्ये.

कामराज म्हणजे फक्त साधा भोळा माणूस, असे मात्र समजू नका. पक्षाच्या राजकारणात ते मुरलेले होते. राजाजींचा गट आणि त्यांचा गट यांच्यात वर्षानुवर्षे ओढाताण चालली. १९४६ मध्ये राजाजींच्या विरोधकांना उद्देशून गांधीजींनी टोळके या अर्थाचा एक कडक शब्द लिहिला, तेव्हा कामराजांना फार लागले. त्यांनी पक्षाच्या उमेदवार ठरवणाऱ्या मंडळाचा राजीनामा दिला. पण गांधीजींविषयीचा त्यांचा आदर कमी झाला नाही आणि राजाजींशी असलेले भांडणही मिटले नाही. कोणाला पुढे आणायचे, कोणाला थांबवायचे हे ते शांतपणे ठरवीत आणि बहुतेक वेळा तसेच घडे. मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री बदलत, पण पडद्यामागे हा माणूस कायम होता.

मग ते स्वतः पुढे का आले? याचे कारण शाळाच आहे.

१९५३ मध्ये राजाजी मुख्यमंत्री होते. पैसा कमी, शिक्षक कमी आणि मुले जास्त, अशी अडचण होती. त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी एक योजना काढली. मुलांनी अर्धाच दिवस शाळेत यावे आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा शिकावा. वरवर पाहता यात काय वाईट आहे? हाताचे काम शिकणे चांगलेच. पण नीट विचार करा. चांभाराच्या मुलाने चांभारकी शिकायची, न्हाव्याच्या मुलाने हजामत. वकिलाच्या मुलाचे काय, तो तर शहरात पूर्ण वेळ शाळेत! लोक संतापले. जातीचा धंदा पिढ्यान् पिढ्या गळ्यात बांधणारी ही योजना आहे, असे त्यांना वाटले. सभा झाल्या, मोर्चे निघाले. राजाजी हे विद्वान आणि प्रामाणिक गृहस्थ होते, यात शंका नाही. पण या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला असे मला वाटते. शेवटी ते पायउतार झाले.

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराजांनी मद्रास राज्याचे मुख्यमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतली. नेतेपदाच्या निवडणुकीत सी. सुब्रमण्यम त्यांच्याविरुद्ध उभे होते आणि भक्तवत्सलम यांनी सुब्रमण्यम यांना पाठिंबा दिला होता. कामराजांनी दोघांनाही मंत्रिमंडळात घेतले आणि शिक्षण व अर्थ ही मोठी खाती सुब्रमण्यम यांच्याच हाती दिली. मंत्रिमंडळ स्वतः धरून आठ जणांचे. देवस्थानांचे खाते त्यांनी एका दलित मंत्र्याकडे सोपवले. ज्या समाजाला देवळाच्या दारात उभे राहू देत नव्हते, त्यातल्याच एकाच्या हाती देवळांचा कारभार आला. यावर कामराजांनी मोठी भाषणे केली नाहीत. नेमणूक केली आणि ते पुढच्या कामाला लागले.

मे महिन्यात अर्ध्या दिवसाची योजना रद्द झाली. बंद पडलेल्या शाळा उघडल्या. नंतर नव्या शाळा निघू लागल्या. लहान मुलाला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा असावी, असे धोरण ठरले आणि वाड्या-वस्त्यांपर्यंत एका शिक्षकाच्या शाळा पोहोचल्या. शाळांना शिक्षक लागणार, म्हणून बेकार फिरणारे शिकलेले तरुण घेतले गेले. १९५५ मध्ये खाजगी अनुदानित शाळांच्या शिक्षकांनाही निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी आणि विमा असे तिन्ही लाभ मिळू लागले. त्या आधी म्हाताऱ्या शिक्षकाला शाळेतून रिकाम्या हाताने घरी जावे लागे. आम्हां शिक्षक मंडळींना ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही, म्हणून येथे लिहून ठेवली.

शाळा झाल्या, शिक्षक आले. पण मुले पुरती येईनात. याविषयी तमिळनाडूत एक आठवण सांगतात. मुख्यमंत्री दौऱ्यावर होते. चेरनमहादेवीजवळ रेल्वेचे फाटक बंद असल्याने त्यांची गाडी थांबली. बाजूच्या माळावर एक पोरगा गुरे राखत होता. कामराज खाली उतरले आणि त्यांनी त्याला विचारले की, तू शाळेत का जात नाहीस? पोराने उलट विचारले की, शाळेत गेलो तर जेवायला कोण घालील? फाटक उघडले, गाडी निघाली, पण तो प्रश्न काही मागे राहिला नाही.

मद्रास शहरातल्या नगरपालिकेच्या काही शाळांत १९२० च्या सुमारास दुपारचे जेवण देण्याचा प्रयोग झाला होता. काही ठिकाणी दानशूर लोक मुलांना जेवू घालीत. पण सगळ्या राज्यातल्या गरीब मुलांना रोज जेवण? अधिकाऱ्यांनी आकडे मांडले. खजिन्यात पैसा नव्हता. धरणे बांधायची होती, कारखाने काढायचे होते. भाताच्या पातेल्यात पैसा घालावा की सिमेंटमध्ये, असा तो प्रश्न होता. कामराजांचे मत असे पडले की, आधी भात. वेळ पडली तर बाकीची कामे बाजूला ठेवून या कामासाठी आपण दारोदार झोळी घेऊन फिरू, असे ते सभांतून सांगत.

आणि ते खरोखर लोकांकडेच गेले. त्या वेळचे शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलु हे त्यांचे उजवे हात होते. गावोगावी समित्या झाल्या. कोणी तांदूळ दिला, कोणी डाळ, कोणी भाजी, कोणी सरपण. शेतकऱ्याने सुगीला एक पोते शाळेच्या नावाने काढून ठेवावे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने चुलीजवळ येऊन काम करावे. ही रीत कोठून आली हे तुम्ही ओळखले असेलच! १९५६ मध्ये सरकारने योजना राज्यभर हाती घेतली. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, उरलेला गावाचा, असे ठरले. भात आणि सांबार, एवढेच ते जेवण. पण दुपारी पोट भरते म्हटल्यावर गुरे राखणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी, शेतावर जाणारी मुले शाळेच्या ओट्यावर येऊन बसू लागली. एका पंगतीत सर्व जातींची मुले जेवू लागली. काही गावांत यावरून कुरबुर झाली असणार, जुनी सवय एका दिवसात जात नाही. मुलांना मात्र भूक लागलेली होती.

१९५८ पासून शाळा सुधार परिषदा सुरू झाल्या. एखाद्या भागातल्या शाळांना काय काय हवे त्याची यादी करायची, लोकांना बोलवायचे आणि त्यांनी ते द्यायचे. कोणी फळा देई, कोणी घड्याळ, कोणी बाके, कोणी खोली बांधून देई, कोणी जमीन देई. गरीब मुलांना कपडे मिळू लागले. एकसारखे कपडे असले की वर्गात गरीब कोण आणि सावकाराचा मुलगा कोण हे डोळ्यांना दिसत नाही, हा त्यामागचा विचार होता. पुढे टप्प्याटप्प्याने हायस्कूलपर्यंतची फी माफ झाली.

तर मग धरणे आणि कारखाने राहिले का? तेही झाले. वैगई, सातनूर, मणिमुत्तार, कृष्णगिरी या धरणांची नावे तेथील शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. नेवेली येथे कोळशाची मोठी खाण सुरू झाली. पेरांबूरला रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना १९५५ मध्ये उभा राहिला. गिंडी आणि अंबत्तूर येथे औद्योगिक वसाहती निघाल्या. उद्योगमंत्री आर. वेंकटरामन हे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले.

मुख्यमंत्री असतानाही कामराज भाड्याच्या घरात राहत. अंगात अर्ध्या बाहीचा सैल खादीचा शर्ट, खाली धोतर आणि खांद्यावर पंचा. उंच, धिप्पाड, काळेसावळे. परदेशात गेले तेव्हाही वेष हाच होता. आई विरुधुनगरच्या जुन्या घरात राही. तिला महिन्याला ठरावीक थोडे पैसे पाठवत. पाहुणे वाढले, खर्च वाढला, थोडे जास्त पाठव असे तिने कळवले, तरी त्यांनी रक्कम वाढवली नाही, असे सांगतात. नगरपालिकेने एकदा मुख्यमंत्र्यांची आई म्हणून तिच्या घरी पाण्याचा खास नळ दिला. गल्लीतल्या बाकीच्या बाया सार्वजनिक नळावर रांगेत उभ्या असत. कामराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तो नळ काढायला लावला, अशीही आठवण तेथे सांगितली जाते. शिवकामी अम्मलना काय वाटले असेल? मुलाने आईबाबत जरा जास्तच कडकपणा केला, असे तुमच्यापैकी कोणाला वाटले तर मी तुम्हांला चूक म्हणणार नाही. वर्गात यावर चर्चा करा.

१९५७ आणि १९६२ च्या निवडणुका त्यांनी जिंकल्या. पण १९६२ मध्ये द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाचे ५० आमदार निवडून आले. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि देशाला मोठा धक्का बसला. १९६३ मध्ये काँग्रेसने लोकसभेच्या तीन महत्त्वाच्या पोटनिवडणुका गमावल्या. कामराजांनी पंडित नेहरूंना एक सूचना केली. पुढारी खुर्चीला चिकटले आहेत आणि पक्ष लोकांपासून तुटला आहे. तर मोठ्या मंत्र्यांनी पदे सोडून पक्षाच्या कामाला लागावे. ही कामराज योजना म्हणून ओळखली जाते. तिच्यानुसार सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री बाहेर पडले. केंद्रातून लालबहादूर शास्त्री, मोरारजी देसाई, जगजीवनराम, मुंबईचे स. का. पाटील गेले. मुख्यमंत्र्यांत काश्मीरचे बक्षी गुलाम मोहम्मद, ओरिसाचे बिजू पटनायक होते. आणि स्वतः कामराज. २ ऑक्टोबर १९६३ रोजी ते पायउतार झाले. या योजनेने नेहरूंनी काही नको असलेल्या माणसांना दूर केले, अशीही टीका झाली आणि ती अगदी खोटी म्हणता येत नाही. पण योजना सांगणाऱ्याने आधी आपली खुर्ची सोडली, हेही खरेच.

१९६४ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी २७ मे रोजी नेहरू वारले. कामराज खासदारांना एकेक करून भेटले, सर्वांचा कल पाहिला आणि शास्त्रीजींचे नाव पुढे आले. दोन वर्षांत शास्त्रीजीही गेले. या वेळी कामराजांनी स्वतःच पंतप्रधान व्हावे असा आग्रह काही जणांनी धरला. त्यांनी नाही म्हटले. आपल्याला हिंदी येत नाही, इंग्रजीही चांगले येत नाही, मग या देशाचा पंतप्रधान कसा होणार, असे त्यांचे कारण होते. तुम्ही घरात उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. दुसरी भाषा बोलताना जीभ कशी अडखळते हे तुम्हांला सांगायला नको. त्या माणसाने ती अडचण लपवली नाही. जानेवारी १९६६ मध्ये पक्षात मतदान झाले आणि इंदिरा गांधींना ३५५, मोरारजींना १६९ मते मिळाली. त्यामागे कामराजांचाच हात होता.

पण घरात आग लागली होती. १९६५ मध्ये हिंदीविरुद्ध मद्रास राज्यातले विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाले, माणसे मेली. तांदूळ मिळेनासा झाला आणि महागला. रुपयाला तीन मापे तांदूळ देऊ, असे आश्वासन द्रविड मुन्नेत्र कळघमने १९६७ च्या निवडणुकीत दिले. कामराज आपल्याच विरुधुनगरमधून उभे होते. त्यांच्यासमोर पी. श्रीनिवासन नावाचा एक तरुण विद्यार्थी पुढारी होता. कामराज १,२८५ मतांनी हरले. ज्या पिढीसाठी त्यांनी शाळा उघडल्या, त्याच पिढीतल्या शिकलेल्या मुलाने त्यांना हरवले. त्यांनी मतदारांना दोष दिला नाही. राज्यातली काँग्रेसची सत्ताही गेली आणि ती पुन्हा आली नाही.

पुढची वर्षे त्यांना कठीण गेली. १९६९ मध्ये नागरकोविलच्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली. ज्या इंदिरा गांधींना त्यांनी पंतप्रधान केले, त्यांच्याविरुद्धच्या बाजूला कामराज उभे राहिले. १९७१ मध्ये तमिळनाडूतून त्यांच्या पक्षाचे ते एकटेच खासदार निवडून आले. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली, जुने सोबती तुरुंगात गेले. याचे त्यांना फार दुःख झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, दुपारी मद्रासच्या घरी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. घर भाड्याचेच होते. मागे निघाले ते थोडे कपडे, थोडी रोकड आणि पुष्कळशी पुस्तके. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. त्यांच्या मुलखात लोक त्यांना पेरुंतलैवर, म्हणजे थोर पुढारी, म्हणतात. आणि आपल्या भाऊरावांप्रमाणेच कर्मवीरही म्हणतात.

जेवणाचे काय झाले? १९८२ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ती योजना फार वाढवली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने शाळेतील आहाराची योजना देशभर सुरू केली. सुरुवातीला बऱ्याच राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी देत. तुमच्या आई-वडिलांना विचारा, त्यांना तांदळाची ती पिशवी आठवत असेल. मग २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलेच अन्न द्यावे. त्यानंतर आपल्या शाळांत चुली पेटल्या. तमिळनाडूत २००६ पासून १५ जुलै हा दिवस शाळांमध्ये शिक्षण विकास दिन म्हणून पाळतात. तेथे २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना सकाळची न्याहारीही मिळू लागली. पहिली घंटा होण्याच्या आधी मुले ओळीने बसतात आणि त्यांच्यासमोर उपमा किंवा पोंगल वाढले जाते.